ट्राउट समुद्रात जाऊन आला की नदीतच राहिला, हे खवल्यावरून कसे ओळखावे

ब्रिटन, आयर्लंड आणि नॉर्वेच्या नद्यांत राहणारा तपकिरी ट्राउट आणि त्याच नद्यांत समुद्रातून चढून येणारा चंदेरी सी ट्राउट यांना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वेगवेगळ्या जातींची नावे दिली होती. आज दोन्ही मासे ‘साल्मो ट्रुटा’ या एकाच जातीचे मानले जातात. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली काही पिल्ले समुद्र गाठतात आणि काही जन्मभर ओढ्यातच राहतात. इंग्लंडमध्ये मात्र गळाने मासेमारी करण्याचा परवाना या दोघांसाठी वेगवेगळा असतो, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आपल्या हौशी गळकऱ्यांनाही हा फरक कळायला हवा.

केवळ रंगावर विसंबू नये. समुद्रातून आलेला मासा नदीत काही आठवडे राहिला की तपकिरी पडतो, तर मोठ्या तळ्यात वाढलेला ट्राउट समुद्र न पाहताही चांदीसारखा चकाकू शकतो. खरी नोंद खवल्यात असते.

परवान्यानुसार पकडून खाण्यासाठी ठेवलेल्या माशाचेच खवले घ्यावेत, कारण जिवंत माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तेथे बुरशी धरते. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटीजवळचा छोटा मांसल पर यांच्या मधल्या भागात, अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेच्या किंचित वर, बोथट सुरी शेपटीकडून डोक्याकडे हलकेच ओढावी. एक-दोन खवल्यांवर न थांबता दहाएक घ्यावेत. एखादा खवला पूर्वी गळून त्या जागी नवा आलेला असेल, तर त्याचा मधला भाग कोरा दिसतो आणि बालपणाची नोंद त्यात सापडत नाही. खवले कागदाच्या पाकिटात वाळवावेत. पाकिटावर तारीख, नदी, माशाची लांबी आणि वजन लिहावे. मासा साफ करताना तो नर आहे की मादी हे पाहून तेही लिहावे. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची असते.

वाळलेला खवला साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनी चोळून स्वच्छ करावा, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहावा. खोडातल्या वर्तुळांसारखी बारीक वलये दिसतील. उन्हाळ्यात ती विरळ असतात आणि हिवाळ्यात एकमेकांना चिकटतात. असा प्रत्येक दाट पट्टा म्हणजे सरलेला एक हिवाळा. मध्यापासून मोजत जावे. दोन दाट पट्ट्यांनंतर वलयांमधले अंतर एकाएकी वाढून पुढे तसेच राहिले, तर तो मासा दोन वर्षांचा असताना वसंतात समुद्राकडे निघाला असावा. अंतर शेवटपर्यंत तोकडेच राहिले, तर तो नदीतच वाढला. कडेजवळ वलये झिजून तुटलेली दिसली, तर मासा प्रजननासाठी नदीत आला होता: त्या काळात तो फारसे खात नाही आणि त्याचे शरीर खवल्यातलाच कॅल्शियम वापरते.

समुद्राकडे जाणे हा जन्मतः ठरलेला एकच मार्ग नव्हे. अनुवंशातून येते ती एक मर्यादा. पिल्लाची वाढ आणि अंगातली चरबी त्या मर्यादेच्या कोणत्या बाजूला पडते, त्यावर पुढचे ठरते. नदीत मिळणारे अन्न शरीराच्या गरजेला पुरेनासे झाले, की दिवस मोठे होऊ लागताच काही पिल्ले रुपेरी होतात आणि त्यांचे कल्ले खारे पाणी सोसण्यासाठी बदलतात. म्हणूनच वेल्स, पश्चिम स्कॉटलंड आणि पश्चिम आयर्लंडच्या आम्लधर्मी, अन्नाने गरीब ओढ्यांत सी ट्राउट भरपूर आढळतात, तर दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या समृद्ध प्रवाहांत बहुतेक मासे घरीच राहतात.

नर-मादीची नोंद येथे उपयोगी पडते. मादीची अंडी तिच्या आकाराबरोबर वाढतात, म्हणून समुद्रातले धोके पत्करून मोठे होणे तिला परवडते. लहान नर मात्र ओढ्यात राहूनही मोठ्या मादीच्या अंड्यांवर चोरून रेत सोडू शकतो. त्यामुळे समुद्रातून परतणाऱ्यांत माद्या जास्त आणि नदीत राहिलेल्या प्रौढांत नर जास्त, असे बहुतेक नद्यांत आढळते.

ही क्षमता किती लवचीक आहे, याचा मला सर्वांत पटणारा दाखला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाचा आहे. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून बर्फात ठेवून तेथे पोचवलेली ट्राउटची अंडी इचेनसारख्या दक्षिण इंग्लंडच्या नद्यांतली, म्हणजे घरीच राहणाऱ्या माशांची होती. तरीही त्यांच्या वंशजांपैकी काही समुद्रात उतरले. काश्मीरमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हाच ट्राउट रुजवला गेला, पण तिथल्या लिद्दर नदीपासून समुद्रापर्यंतची वाट मैदानातल्या उष्ण पाण्यातून जाते, आणि थंड पाण्याच्या या माशाला ती पार करता येत नाही.

एक सावधगिरी राहते. ओढ्यात जन्मून मोठ्या तळ्यात वाढलेल्या माशाच्या खवल्यावरही वलये अचानक विरळ होतात. नदीला असे तळे जोडलेले असेल, तर माशाच्या कानातला खडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. समुद्रात गेलेल्या माशाच्या खड्यात त्या काळातल्या थरांत स्ट्रॉन्शियम या धातूचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले असते.