समुद्रकाठच्या हॉटेलचं इंटिरिअर हाती घेताय? आधी स्टील ओळखायला शिका

समुद्रावरच्या लक्झरी हॉटेलचं काम पहिल्यांदा मिळालं की सगळं लक्ष रंग, फर्निचर आणि खिडकीतल्या समुद्राकडे जातं. साहजिक आहे. जिओ पाँटी या वास्तुरचनाकाराने इटलीतल्या सोरेन्तोच्या कड्यावरच्या पार्को देई प्रिंचिपी हॉटेलसाठी निळ्या-पांढऱ्या टाइल्सची 30 डिझाइन्स काढली आणि तीच निरनिराळी जुळवून खोल्यांच्या फरशा वेगवेगळ्या केल्या. 1962 साली उघडलेलं ते हॉटेल आजही नवख्यांना वेड लावतं. लावू दे. पण फोटो बघताना हेही बघा की ग्लेझ केलेल्या सिरॅमिकला खारा वारा सहसा काही करत नाही. त्यातला निळा रंग सगळे उचलतात, मटेरियलचं शहाणपण फार थोडे.

आता मला ज्याने सगळ्यात छळलं ते सांगते. बीओक्यूत, म्हणजे कामाला लागणाऱ्या मालाच्या यादीत, नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) कधीही लिहू नका. '316' हा ग्रेड लिहा आणि हँडल, बिजागरी, स्क्रू, वॉशर प्रत्येकापुढे वेगळं लिहा. हँडल 316 चं आणि स्क्रू साधा, असं झालं की डाग स्क्रूपासूनच ओघळतात. 304 आणि 316 हे दोन ग्रेड डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक 316 मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, आणि मिठातल्या क्लोराइडपुढे टिकाव लागतो तो त्याच्याच जोरावर.

साइटवर मात्र जो तो खिशातून मॅग्नेट काढतो. चिकटला नाही की 'माल चांगला आहे' म्हणून मोकळा. मीही बराच काळ त्यावरच विसंबून होते. नीट समजून घ्या: मॅग्नेट 304 ला जवळपास चिकटत नाही, 316 ला नाही आणि स्वस्तातल्या 202 लाही नाही. उलट अस्सल 304 जिथे वाकवलेलं असतं तिथे मॅग्नेट थोडा ओढला जातो आणि चांगला माल परत जातो! ही परीक्षा ग्रेडबद्दल काहीच सांगत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे स्टील कारखान्याचा तपासणी दाखला मागा, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या बॅचचा नंबर) मालावरच्या नंबराशी स्वतः जुळवा. शंका असेल तर मॉलिब्डेनमच्या टेस्ट किटचा थेंब टाकून बघा. फॅब्रिकेटर 'मॅडम, विश्वास ठेवा' म्हणाला तरी बघाच.

डाग पडतात तेही भलत्याच जागी. पावसाने धुतली जाणारी रेलिंगची वरची बाजू लखलखीत राहते. खालून बोट फिरवलं की चिकट मीठ लागतं आणि चहासारखे तपकिरी ओघळ दिसतात. छपराखालच्या वस्तूंची म्हणूनच जास्त काळजी घ्या. खरखरीत ब्रश फिनिशमध्ये मीठ अडकून बसतं, तिथे गुळगुळीत पॉलिशच बरं.

हँडओव्हरच्या घाईत टाइल्सवरचं सिमेंट काढायला अ‍ॅसिड मारतात, तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून उभं राहा. बंद बाथरूममध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या वाफा कोंडल्या की 316 वरही ठिपके उठतात. आधी टाइल्स धुवा, मग फिटिंग्ज लावा.

एवढं वाचून घाबरू नका. हे तपकिरी डाग बहुतेक वेळा वरवरचे असतात, वेळेत साफ केले तर निघतात. नियमितपणे गोड्या पाण्याने धुतलं तर पडतही नाहीत सहसा. फक्त लोखंडी काथ्याने घासू देऊ नका, त्याचे कण अडकून नवा गंज धरतो.

गुरू कुणाला करावं? माझं मत ठाम आहे. आपणच केलेल्या हॉटेलात दोन वर्षांनी परत पाऊल न टाकणाऱ्या डिझायनरपेक्षा तिथली हाउसकीपिंग सुपरवायझर तुम्हाला जास्त शिकवेल. कुठलं हँडल रोज पुसावं लागतं, ते तिला तोंडपाठ असतं.

आणि मॉक-अप रूमच्या, म्हणजे आधी उभारलेल्या नमुना खोलीच्या भरवशावर राहू नका. ती अनेकदा किनाऱ्यापासून लांब, एसी गोदामात उभी करतात. काम मिळाल्याच्या आठवड्यातच सगळ्या धातूंचे नमुने, स्क्रूसकट, साइटवर छपराखाली समुद्राकडे तोंड करून टांगा. ऑर्डर देण्याआधी ते काढून पाठीमागची बाजूही तपासा.