तांब्याची तार सोडताना

आमचं घर यावलला, केळीच्या बागेला लागून. पहिला पाऊस पडला की फोनमध्ये खरखर आणि नेट गुल. जोडात पाणी शिरतं, तांबं गंजतं. त्यात एक्स्चेंजपासून घर लांब, म्हणजे वेग आणखी घसरतो. एडीएसएल २ प्लस, म्हणजे फोनच्याच तांब्याच्या तारेवरचं नेट, कागदावर २४ एमबीपीएस, माझ्याकडे जेमतेम २! शेवटी फायबर घेतलं.

तुम्ही घेणार असाल तर आधी शेजाऱ्याकडे स्पीड बघा, तोही रात्री ९ वाजता. जुना लँडलाइन नंबर राहील का, हे अर्जाआधीच विचारा. वायर खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवू देऊ नका. आत काच असते भाऊ, प्रकाश तिथेच गळतो. फायबरच्या डब्यावर (मोडेमवर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला तर बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा. डबा इन्व्हर्टरवर घ्या. मी विसरलो होतो. पहिल्याच भारनियमनात बायको पोट धरून हसली.