पेट्रोलचे जुने पाइप बदलताय? या चुका टाळा

पेट्रोलचा पाइप बदलणं म्हणजे दोन क्लिपा सोडायच्या आणि दोन आवळायच्या, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. म्हणून घरात पडलेला कुठलाही काळा तुकडा उचलतात, क्लिपा जुन्याच वापरतात, आणि आठवडाभरात "नवीन टाकला तरी वास येतोय" म्हणत परत येतात.

काळा दिसला की पेट्रोलचाच, असं नसतं

रेडिएटरचा पाइप पाण्यासाठी असतो. त्याचं रबर पेट्रोल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचा रंगीत पाइप महाग असतो, म्हणून चांगला असेल असं लोक धरून चालतात. पण पेट्रोल त्याच्या भिंतीतून झिरपतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेने कडक होते आणि एक दिवस तोंडापाशी तडकते.

पाइपच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. एसएई जे३० या इंधनाच्या पाइपांच्या मानकातला आर६ किंवा आर७ कार्बोरेटरच्या गाडीला पुरतो, कारण तिथे पेट्रोलचा दाब अर्धा बारही (बार हे दाबाचं माप) नसतो. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो; तिथे आर९ लागतो. आर९चं आतलं अस्तर फ्लोरोइलास्टोमरचं, म्हणजे इंधनाला दाद न देणाऱ्या खास रबराचं असतं, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही ते टिकतं. ज्या पाइपवर काहीच छापलेलं नाही, तो मी लावत नाही, मग विकणारा कितीही छातीठोकपणे सांगो.

आणि आर९ घेतला म्हणजे काम झालं, असंही नाही. एका तरुणाने इंजेक्शनची गाडी आणली होती. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो आणि गाडी चढाला ओढत नाही, ही तक्रार. गळती नाही, वास नाही. पठ्ठ्याने पंप, फिल्टर सगळं बदललं होतं, इंजेक्टर साफ करून घेतले होते. मोजलं मात्र काहीच नव्हतं. गेज लावला तर दाब ३ बारच्या जागी जेमतेम २, आणि चावी बंद करताच काटा सरळ खाली. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइप चिमटून पाहिला तरी काटा चढेना, म्हणजे दाब राखणारा रेग्युलेटर निर्दोष. पंप नवाकोरा. उरली टाकी.

झाकण उघडून पंपाचा संच वर काढला. पंप आणि झाकण यांना जोडणारा बोटभर पाइप त्याने पंप बदलताना स्वतःच टाकला होता. हात लावला तर बोटं काळी झाली. बाहेरची साल फुगून सुटत होती आणि क्लिपखाली उभी चीर गेली होती. पंप जोर लावून पेट्रोल ढकलत होता आणि त्यातलं बरंचसं त्या चिरेतून परत टाकीतच पडत होतं. मग बाहेर थेंब दिसणार कुठून?

"पण काका, मी तर भारीतला आर९ टाकला होता!" त्याचं म्हणणं खरंच होतं. पण आर९ला पेट्रोल आतून वाहिलेलं चालतं. कायम पेट्रोलमध्ये बुडून राहायला त्याची बाहेरची साल बनलेलीच नसते. टाकीच्या आत त्याच मालिकेतला, बुडून राहण्यासाठी बनवलेला आर१०च हवा. त्या बोटभर तुकड्यापायी त्याने आधी किती खर्च केला, ते मी मुद्दाम विचारलं नाही.

ओढाताण

जुना पाइप ज्या कडक नळीवर चढवलेला असतो, तिला चिकटून बसलेला असतो. नवशिका पकडीने हिसका देतो आणि फिल्टरची किंवा कार्बोरेटरची प्लास्टिकची नळी हातात येते. आधी पाइप जागच्या जागी गोल फिरवून चिकटलेला सोडवायचा. नाहीच सुटला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यायची, पण पूर्ण खोल नाही. राहिलेलं रबर हाताने फाडायचं. नळीवर ओरखडा पडला की नवा पाइपही तिथून पाझरतो.

क्लिप

खाचांची स्क्रूची क्लिप जोर लावून आवळली की रबर त्या खाचांत घुसून कापलं जातं. मी कडा वळवलेली, आतून गुळगुळीत क्लिपच वापरतो. पाइप साधारण २५ मिलिमीटर आत सरकवायचा आणि क्लिप नळीच्या टोकाशी असलेल्या फुगवट्याच्या मागे बसवायची. फुगवट्यावर बसवलेली क्लिप कितीही आवळा, घसरतेच. गळती थांबेना म्हणून सीलंट फासणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पाइप काढून टाकतो.

किरकोळ, पण नडणाऱ्या

करवतीने पाइप कापू नका. रबराचा भुगा थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात जातो. धारदार ब्लेड घ्या.

८ मिलिमीटरच्या नळीवर १० मिलिमीटरचा पाइप क्लिपेने "बसवून" घेऊ नका.

फिल्टरवरचा बाण टाकीकडून इंजिनाकडे हवा.

टाकीचा श्वासाचा (हवा आत घेणारा) पाइप दुमडला की गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते. झाकण उघडताच फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालते. अशा वेळी पंपाला दोष देण्याआधी तो पाइप बघा.

घाई

इंजिन गार होऊ द्या. इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. "थंडी आहे, काही होत नाही" हे मला ऐकवू नका. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, नेमकी तिथे, जिथे लोक तापलेल्या बल्बचा दिवा ठेवून गाडीखाली सरकतात. एलईडीचा टॉर्च घ्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

सगळं जोडल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. चावी दोन-तीनदा नुसती चालू-बंद करा, म्हणजे पंप दाब भरेल. मग प्रत्येक जोडाखालून कोरडा कागद फिरवा. इंजिन तापल्यावर पुन्हा तेच.

डिझेलवाल्यांना कागदाचा उपयोग निम्माच. टाकीपासून पंपापर्यंतच्या बाजूला जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सकाळी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. तपासणीपुरता पारदर्शक नळीचा तुकडा मधे जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले तर मागचा एकेक जोड तपासत टाकीपर्यंत जा. काम झालं की तो तुकडा काढा. "चालतंय की" म्हणून तसाच ठेवलेल्या गाड्याही माझ्याकडे येतात.