लेसोथोचे राजचिन्ह कसे वाचावे

लेसोथो हे चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेले, सोथो लोकांचे डोंगराळ राज्य आहे. त्याचे राजचिन्ह पाहताना नजर आधी दोन घोड्यांकडे जाते, परंतु वाचन तेथून सुरू करू नये. प्रथम ढाल, मग तिच्यामागची शस्त्रे, त्यानंतर घोडे व डोंगर आणि शेवटी बोधवाक्य, या क्रमाने गेल्यास राज्य कोणाचे, ते कशाच्या बळावर टिकले आणि प्रजेसाठी काय मागितले गेले, हे ओळीने उलगडते.

ढालीवर सर्वांत जास्त वेळ थांबावे. तिच्यावर मगर आहे. पण ज्या देशातील सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे, त्या थंड मुलखात मगर कशी, हा प्रश्न पडायला हवा. ती तेथील नदीतून आलेली नाही, घराण्यातून आलेली आहे. बाक्वेना म्हणजे मगरीचे लोक. त्यांचे मगरीशी असलेले नाते समजण्यासाठी आपल्याकडील कुळांचे देवक आठवावे. सोथो राष्ट्राची उभारणी करणारे राजे पहिले मोश्वेश्वे याच कुळातले होते. सिंहाला मानणारे बाटाउंग आणि इतर कुळेही या राज्यात आहेत, तरी ढालीवर स्थान मिळाले ते राजकुळाच्या मगरीला. म्हणून या चिन्हाला सर्व प्रजेचे चित्र समजण्यापेक्षा राजसत्तेची मुद्रा समजणे अधिक योग्य, असे मला वाटते.

ढालीमागे भाला आणि गोल डोक्याचा सोटा एकमेकांना छेदून ठेवलेले आहेत. त्यांच्या जोडीला शहामृगाच्या पिसांचा तुराही दिसतो.

घोडे हे सोथो भूमीचे मूळ प्राणी नव्हेत. ते एकोणिसाव्या शतकात तेथे पोहोचले, आणि खडकाळ चढणीवर न अडखळणारी बुटकी, काटक सोथो घोड्यांची जात तयार झाली. त्यांच्या पायाखालची भूमी पाहताना थाबा बोसिउ हा सपाट माथ्याचा डोंगर आठवावा. १८२४ मध्ये मोश्वेश्वे यांनी तेथे ठाणे केले, आणि पुढे १८६५ मध्ये ऑरेंज फ्री स्टेट या शेजारच्या बोअर (डच वंशाच्या वसाहतकारांच्या) प्रजासत्ताकाच्या फौजेने हल्ले चढवूनही तो पडला नाही. १८६८ मध्ये राजाने ब्रिटिश संरक्षण मिळवले. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला.

फितीवर ‘खोत्सो, पुला, नाला’ असे शब्द आहेत, म्हणजे शांतता, पाऊस, समृद्धी. हे वाचताना २००६ चा राष्ट्रध्वज शेजारी ठेवावा: त्यातील निळा रंग पावसाचा, पांढरा शांततेचा आणि हिरवा समृद्धीचा. ध्वजात पाऊस सर्वांत वर असला, तरी बोधवाक्यात पहिला मान शांततेचा आहे.

एक सावधगिरी बाळगावी. वर्णभेदी राजवटीने दक्षिण आफ्रिकेत सोथोंसाठी क्वाक्वा नावाचा वेगळा ‘होमलँड’, म्हणजे राखीव प्रदेश, आखला होता. त्याला १९७४ मध्ये मर्यादित स्वशासन मिळाले आणि १९९४ मध्ये तो विसर्जित झाला. त्याच्या ध्वजावरही घोडाच होता. त्यामुळे जुन्या कागदावर वा वस्तूवर केवळ घोडा पाहून ती लेसोथोची ठरवू नये. आधी वर्ष तपासावे, मग मगर शोधावी.