सीपॅपचं काय कधी बदलायचं

बाबांचं सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, मीच सांभाळते म्हणून सांगते, सगळा मास्क नवा घेऊ नका, त्यातच काही हजार जातात. आधी नुसती कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी गादी, बदलून बघा, सिलिकॉन पिवळट चिकट झालं आणि हवा डोळ्यात जायला लागली की समजायचं ती गेली, साधारण 1 ते 3 महिन्यांत. मास्कचे डोक्याला बांधायचे पट्टे सैल पडले की बदला, साधारण 6 महिन्यांनी. मशीनमधला हवा गाळणारा पांढरा फिल्टर सगळ्यात स्वस्त, तो महिन्यातून 2 दा बदलाच, करडा झाला तर लगेच, धुवायचा मात्र नाही हं. ट्यूब 3 महिने, पण चीर असेल तर आधीच. हवा दमट करायच्या टाकीत बोअरचं पाणी नको, क्षार बसतात, डिस्टिल्डच घाला. इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारा, बऱ्याचदा खर्च आपल्याच खिशातून होतो.