कामावर डोळ्याला किंवा डोक्याला मार लागल्यावर स्वतंत्र वैद्यकीय तपासणीला कसं जावं

भरपाईचा दावा केला की मालक किंवा विमा कंपनी तुम्हाला त्रयस्थ डॉक्टरकडे पाठवू शकते. हा डॉक्टर उपचार करत नाही. इजा किती, ती कामामुळेच झाली का, आणि तेच काम पुन्हा जमेल का, एवढ्यावर तो मत देतो. गप्पांच्या ओघात बोललेलंही अहवालात उतरतं. तारीख चुकवू नका, दावा तिथेच अडतो.

आधी कागद तारखेप्रमाणे लावा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पहिल्या दिवसाचा केसपेपर: शुद्ध हरपली होती का, ग्लासगो कोमा स्केल (माणूस किती शुद्धीवर आहे याचे गुण) किती, दोन्ही डोळ्यांची नजर किती. स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडीही घ्या. इजेआधीचा चष्म्याचा नंबर शोधून ठेवा, नाहीतर ‘नजर आधीपासूनच कमी होती’ हा मुद्दा खोडता येत नाही.

ग्लासगो स्केलवर १३ ते १५ गुण म्हणजे ‘सौम्य’ इजा. हा शब्द मार लागला त्या वेळच्या अवस्थेबद्दल आहे, त्रास किती महिने टिकेल याबद्दल नाही. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो.

ग्राइंडिंग किंवा लोखंडाचं काम केलं असेल, तर एमआरआयच्या आधी ते नक्की सांगा. डोळ्यात धातूचा कण राहिला असेल तर चुंबकामुळे तो हलतो आणि नजर जाऊ शकते. आधी एक्स-रे किंवा सीटी काढून खात्री करतात.

खरी फसगत होते ती ६/६ या आकड्यापाशी. लांबचा तक्ता वाचता आला की डोळे ठीक, असं लिहून मोकळं होतात. पण मेंदूला मार लागल्यावर निरोगी डोळेसुद्धा एकत्र काम करेनासे होतात. हे पाहायला पेनाचं टोक नाकाकडे आणतात आणि दोन कधी दिसतात ते विचारतात. साधारण १० सेंटिमीटरच्या आत येण्याआधीच दोन दिसू लागली, तर जवळचं पाहताना डोळे नीट आत वळत नाहीत. ही चाचणी झाली नाही तर सरळ विचारा, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधीच करून घ्या. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून सोबत माणूस आणि काळा चष्मा हवा. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत नजर समोर ठेवून आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं; ते अंदाजाने दाबू नका. थकलात तर थांबायला सांगा, नाहीतर निकाल अविश्वसनीय ठरतो. डोळ्याला बोथट मार असेल तर आतला दाब काही वर्षांनीही वाढू शकतो. दरवर्षी तपासणी हवी, हे अहवालात यायला हवं.

स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्या कित्येक तास चालतात. त्यात तुम्ही मनापासून प्रयत्न करता का, हे तपासणारे प्रश्न मिसळलेले असतात. त्रास फुगवला तर पकडला जातो, आणि हिंमत दाखवायला लपवला तर नोंदलाच जात नाही. नेहमीची औषधं घेऊन, झोप पुरी करून जा. ‘डोकं दुखतं’ याने काही कळत नाही. ‘स्क्रीनसमोर २० मिनिटं बसलं की ओळी एकमेकींवर चढतात, मग डोळे मिटून पडावं लागतं’, असं सांगा. त्यासाठी दोन आठवडे वहीत रोज टिपा. घरच्यांनाही लिहायला लावा, कारण चिडचिड आणि विसरभोळेपणा बऱ्याचदा स्वतःला जाणवत नाही.

बाहेर पडल्यावर लगेच तपासणी किती वेळ चालली आणि काय काय केलं ते लिहून ठेवा. अहवालाची प्रत लेखी मागा. त्यात डावा-उजवा डोळा, अपघाताची तारीख, कामाचं वर्णन आणि जुने आजार आधी तपासा. चूक दिसली तर कागदाचा पान क्रमांक देऊन लेखी हरकत घ्या. आणि केवळ नेत्रतज्ज्ञाने मेंदूबद्दल ‘काही दोष नाही’ असं लिहिलं असेल, तर न्यूरोलॉजिस्टचं वेगळं मत मागा.