बालवाडीची ताई व्हायचंय? मग कोर्सची चौकशी अशी करा

डी.एड. चांगल्या गुणांनी पास झाले आणि पहिली नोकरी लागली ती बालवाडीत, छोट्या शिशूच्या वर्गावर. आमचा अभ्यासक्रम पहिलीपासून पुढच्या मुलांचा. साडेतीन वर्षांचं मूल आईचा पदर सोडत नाही तेव्हा काय करायचं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. मी फळ्यावर 'ग म भ न' काढलं, पाट्या वाटल्या आणि दहा मिनिटांत वर्गभर रडारड सुरू झाली.

शेजारच्या वर्गातल्या ताई आल्या. शिक्षण दहावी. त्यांनी चिंचोक्यांचा डबा सतरंजीवर ओतला आणि म्हणाल्या, "कुणाच्या मुठीत जास्त मावतात, बघू बरं!" मुलं मोजायला लागली, भांडायला लागली, मुख्य म्हणजे बोलायला लागली.

पदवीला काही अर्थ नाही, असं तेव्हा वाटलं. आता तसं म्हणणार नाही. त्याच ताईंच्या वर्गात एक मुलगा हाक मारली तरी वळायचा नाही. त्या त्याला हट्टी समजत होत्या. पुढे मी बालविकासाचा कोर्स केला, तेव्हा शंका आली. कान तपासून घेतले, तर त्याला कमी ऐकू येत होतं. त्या वर्षभरात त्याला कितीदा ओरडा बसला असेल, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. अनुभवाला जे दिसत नाही, ते कधी कधी अभ्यासामुळे दिसतं.

२००७ साली अमेरिकेत सात मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. शिक्षिकेची पदवी आणि वर्गाचा दर्जा यांचा ठाम संबंध त्यात सापडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. त्या ताई तयार झाल्या होत्या, कारण जुन्या मुख्याध्यापिका दर आठवड्याला त्यांच्या वर्गात मागे बसायच्या आणि नंतर चहा घेताना त्यावर बोलायच्या. माझ्या वर्गात दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. १९४५ला बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या अंगणात, पानं-दगड-शिंपल्यांवर मुलांना शिकवलं. तिथेही आधी मुलांकडे बघणं होतं, धडा नंतर.

आता कोर्सबद्दल. बारावीनंतर पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका असते. संस्थेला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता आहे का, ते आधी पाहा. अंगणवाडी सेविकांसाठी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका सुचवली आहे. बी.एड. असेल तरी लहान मुलांचं वेगळं शिक्षण घ्याच. बी.एड. मोठ्या वर्गांसाठी असतं. कुठेही प्रवेश घेताना फीच्या आधी विचारा, की प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस मिळतील आणि तेव्हा आमचं काम कोण बघेल? नुसते व्हिडिओ बघून प्रमाणपत्र मिळणार असेल, तर पैसे घालवू नका.

नोकरीच्या मुलाखतीला गेलात, की एका ताईकडे किती मुलं, मदतनीस आहे का, हे विचारा. जमलं तर चालू वर्गात अर्धा तास बसायची परवानगी मागा. तेवढ्या वेळात मुलांचा आवाज किती ऐकू येतो, याकडे लक्ष द्या. फक्त ताईंचाच येत असेल, तर दुसरी शाळा बघा.